रेषा कोठे ओढावी?



बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला लोकांनी कर्ज, तारण, मुदत ठेव आणि वारसनोंद यांबद्दल विचारावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत नारायणगाव, ओतूर, मंचर आणि घोडेगाव येथील परिचित व्यापारी कुटुंबांतून माझ्याकडे अगदी निराळ्या विषयाची विचारणा होऊ लागली आहे. तो विषय म्हणजे तरुण मुलांचे टक्कल, आणि त्या टकलावर रंगाचे बारीक ठिपके भरून केस अगदी बारीक कापले असल्याचा भास निर्माण करण्याची नवी पद्धत. तिला स्काल्प मायक्रोपिग्मेंटेशन म्हणतात. माझ्या पुतण्याने ती करून घेतली आणि पहिल्या चौकशीपासून शेवटच्या बैठकीपर्यंत मी त्याच्याबरोबर होतो, एवढाच माझा या विषयातील अधिकार. मी डॉक्टर नाही. मात्र कागद नीट वाचण्याची, प्रश्न विचारण्याची आणि उत्तरे टिपून ठेवण्याची सवय नोकरीने लावली आहे. जे पाहिले व समजून घेतले, ते प्रत्येकाला निरनिराळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पुतण्या आमच्या कापड दुकानाच्या गादीवर बसतो. चोविसाव्या वर्षी त्याचे कपाळ मागे सरकू लागले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी डोक्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराची एक पट्टी तेवढी उरली. मुलगा हुशार, निर्व्यसनी, हिशेबाला चोख. परंतु वधू-वर परिचय मेळाव्यातून येणारा निरोप एकच असे : "मुलगा उत्तम आहे, पण वय जास्त वाटते." एकदा सुरतेहून आलेल्या एका प्रतिनिधीने त्याला त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या चुलत भावाचे काका समजून नमस्कार केला. दुकानात सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर मात्र तो दुकानात टोपी घालून बसू लागला, कुटुंबाच्या छायाचित्रात मागे उभा राहू लागला आणि नंतर लग्नकार्यांना जाणेच टाळू लागला. थोरल्या वहिनींनी मला एका दुपारी विचारले, "भाऊजी, केसच गेले आहेत, की आपला मुलगाही जातोय?" त्या प्रश्नाने मला या विषयात ओढले.

हा केवळ नटण्यामुरडण्याचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याची आठवण ठेवावी. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील अनेक गावांत काही दिवसांतच लोकांचे केस मुळापासून गळू लागले. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयांची माणसे त्यात होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक तेथे गेले, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. त्या काळात त्या गावांतील तरुणांना घराबाहेर पडण्याची लाज वाटू लागली आणि लग्नाच्या बोलण्यांवरही परिणाम झाला, असे वृत्तपत्रांत आले होते. जिवाला धोका नव्हता, तरी माणसे खचली. केस गेल्याचे दुःख केसापेक्षा मोठे असते, ते असे.

आपल्या परंपरेत केसांचा त्याग हा वैराग्याचा भाग आहे. साधू-साध्वी स्वतःच्या हातांनी केशलोच करतात, तेव्हा देहाविषयीची आसक्तीच उपटली जाते. परंतु तो त्याग स्वेच्छेचा आहे. दुकान सांभाळणाऱ्या, संसार उभा करू पाहणाऱ्या गृहस्थाचे केस न विचारता जातात, त्याला वैराग्य म्हणता येत नाही. त्या मुलाला "केसांत काय आहे?" असे ऐकवणे आपल्याला सोपे असते. मी स्वतः पस्तिसाव्या वर्षापासून टकला आहे आणि मला त्याचे काही वाटत नाही, हेही त्याला पटवून देण्याचा आधार होऊ शकत नाही, कारण त्या वयात माझे लग्न होऊन दोन मुले झाली होती.

पुरुषांच्या या टकलाचे कारण बहुधा आनुवंशिक असते. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात तयार होणाऱ्या एका घटकाला कपाळावरच्या व माथ्यावरच्या केसांची मुळे अधिक प्रतिसाद देतात आणि वर्षानुवर्षे बारीक होत जातात. हा वारसा आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून येतो. त्यामुळे केवळ आजोळाला दोष देण्याची आपली प्रथा न्याय्य नाही. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये आणि नंतर नॉरवूड यांनी १९७५ मध्ये या टकलाच्या पायऱ्या ठरवल्या. त्यातील सातव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर फक्त कानांच्या वर व मागे पट्टी उरते. पुतण्या सहाव्या पायरीवर होता. त्याआधी घरात कांद्याचा रस, भृंगराज तेल, जास्वंद हे सर्व प्रयोग झाले होते. कांदा तर आपल्या तालुक्यात मुबलक. परंतु बारीक होऊन संपलेले मूळ रसाने उगवत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की, औषधे केस गळण्याच्या सुरुवातीच्या काळात अधिक उपयोगी पडतात आणि तीही त्यांच्या देखरेखीखाली, कारण त्यांचे दुष्परिणाम असू शकतात. मागच्या बाजूचे केस काढून पुढे लावण्याची शस्त्रक्रिया हा दुसरा मार्ग. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, मागचे केस पुढे लावले तरी त्यांचा न गळण्याचा गुण टिकतो. परंतु पुतण्याच्या मागच्या पट्टीत पुरेसे केस नव्हते, म्हणजे भांडवल अपुरे. शिवाय मार्च २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यापाऱ्याचा अशा शस्त्रक्रियेनंतर झालेला मृत्यू घरातील सर्वांच्या लक्षात होता. त्याच्या शरीराला तीव्र ॲलर्जी झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच कराव्यात, चित्रफिती पाहून शिकलेल्यांनी नव्हे, असे मार्गदर्शन जारी केले. उरला टोप. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. राजाच्या डोक्यावरचा टोप फडात दहा हातांवरून किती शोभतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. दुकानात मात्र गिऱ्हाईक दोन हातांवर बसते.

ठिपके भरण्याची पद्धत पहिल्यांदा समजावून सांगितली गेली, तेव्हा मला घोडेगावची माझी जुनी शाखा आठवली. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरातून, भीमाशंकरच्या बाजूने आदिवासी स्त्रिया खाते उघडण्यास येत. सही येत नसल्याने अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि ओळखीच्या खुणा लिहायच्या, असा नियम होता. त्या रकान्यात मी कितीतरी वेळा "कपाळावर गोंदण", "हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके" असे लिहिले असेल. काजळीच्या शाईने आणि सुईने केलेले ते ठिपके तरुणपणी काळे असतात आणि वय वाढते तसे निळसर-हिरवट दिसू लागतात. काळा रंग त्वचेत खोल गेला की, वरच्या थरातून गाळून येणाऱ्या प्रकाशामुळे तो निळसर भासतो, हे कारण मला आता कळले.

मायक्रोपिग्मेंटेशन हे तत्त्वतः गोंदणच आहे. फरक आहे तो खोलीचा, आकाराचा आणि उद्देशाचा. येथे अत्यंत बारीक सुईने जेमतेम मिलिमीटरभर खोलीवर रंगाचा एकेक ठिपका ठेवला जातो. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर केसांचे जे खुंट दिसतात, त्यांच्याएवढाच तो ठिपका. सुई खोल गेली तर रंग पसरतो आणि निळा पडतो. फार वर राहिली तर काही दिवसांत खपलीबरोबर निघून जातो. गोंदण दिसावे म्हणून केलेले असते, हे काम दिसू नये म्हणून करायचे असते. सुरुवातीच्या काळात ही पद्धत शस्त्रक्रियेचे व्रण झाकण्यासाठी वापरली गेली, आणि २००१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात तिच्याविषयी लेखही आला होता. पुढे ती पूर्ण टकलासाठी वापरात आली. यात एकही केस उगवत नाही, हे मात्र प्रत्येकाने नीट ध्यानात घ्यावे.

आता या लेखाचा मुख्य विषय. संपूर्ण माथ्यावर ठिपके भरणे हे चिकाटीचे काम आहे, पण खरी परीक्षा पुढच्या रेषेची. कपाळ कोठे संपते आणि केस कोठे सुरू होतात, ती केशरेषा. माणसाचा चेहरा पाहताना आपली नजर नकळत त्या रेषेवर जाते. बाकी सर्व उत्तम साधले आणि रेषा चुकली, तर डोक्यावर रंगवलेली टोपी बसवल्यासारखी दिसते.

पुण्यातील ज्या ठिकाणी आम्ही गेलो, तेथील काम करणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी सुई हातातच घेतली नाही. पांढऱ्या पेन्सिलीने रेषा काढणे, पुसणे आणि पुन्हा काढणे यात दोन तास गेले. पुतण्याने बारावीच्या वेळचे आपले छायाचित्र बरोबर नेले होते. त्याचे म्हणणे सरळ होते, "मला हीच रेषा परत हवी." ताईंनी त्याप्रमाणे रेषा काढून दाखवली आणि आरसा हातात दिला. तो पाहत राहिला. कपाळ लहान झाले होते, पण चेहरा त्याचा वाटत नव्हता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची रेषा खाली आणि जवळजवळ सरळ असते. विशीत, टक्कल न पडणाऱ्या पुरुषाचीही रेषा बोटभर मागे जाते आणि दोन्ही कोपऱ्यांत आत वळते. एकोणतीस वर्षांच्या जबड्यावर आणि दाढीवर सोळा वर्षांचे कपाळ बसत नाही.

मग त्यांनी एकेक माप समजावून सांगितले. चेहऱ्याचे तीन समान भाग कल्पावेत, केशरेषेपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तेथून हनुवटीपर्यंत. लिओनार्दो दा विंचीसारख्या चित्रकारांनी चेहरा असाच मोजला होता. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून केशरेषेचा मध्य साधारण सात ते आठ सेंटीमीटरवर, म्हणजे हाताची चार बोटे आडवी ठेवून जेथे येईल तेथे असतो. त्याहून खाली आणण्याचा मोह टाळावा. दुसरी कसोटी अगदी घरच्या घरी करून पाहण्यासारखी. भुवया जोरात वर करायच्या आणि कपाळावर सर्वांत वर पडणारी आठी पाहायची. रेषा त्या आठीच्या वर असली पाहिजे. खाली आली, तर माणूस हसला किंवा आश्चर्याने पाहू लागला की ठिपक्यांनाही सुरकुती पडते, आणि केसांना कधी सुरकुती पडत नाही.

कोपऱ्यांचे तसेच. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून सरळ वर कल्पित रेघ काढली, तर ती जेथे केशरेषेला भेटते तेथे कपाळाचा कोपरा असावा. तो कोपरा भरून काढून कपाळ चौकोनी करण्याचा आग्रह पुष्कळ मुले धरतात. पण निसर्ग पुरुषांचे कोपरे थोडे मोकळे ठेवतो. कानशिलाकडील उतरती रेषाही त्याच्याशी जुळली पाहिजे. कानशिलाचे केस मागे गेलेले आणि मध्यभाग मात्र पुढे आलेला, असे चित्र कोणाच्याही डोक्यावर नैसर्गिकपणे दिसत नाही.

ताईंनी आणखी एक गोष्ट मागितली, ती मला फार आवडली. त्यांनी पुतण्याच्या वडिलांचे आणि आजोबांचे तरुणपणीचे छायाचित्र मागवले आणि मग माझ्या डोक्याकडेही एकवार पाहिले. माझ्या टकलाचा कोणाला तरी उपयोग झाला, असा तो पहिलाच प्रसंग. आमच्या घराण्यात रेषेच्या मधोमध किंचित खाली उतरणारे टोक आहे आणि उजवा कोपरा डाव्यापेक्षा थोडा अधिक मागे आहे. नवीन रेषेतही त्यांनी ते दोन्ही ठेवले. पुतण्याने विचारले, "उजवी बाजू वाकडी नाही का वाटत?" त्या म्हणाल्या, "तुमची उजवी भुवईही डावीपेक्षा वर आहे. चेहरा वाकडा आणि रेषा सरळ असेल तर लोकांना काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते."

हे ऐकताना मला नमुना सहीचे कार्ड दिसू लागले. धनादेश पास करताना दिवसाकाठी शेकडो सह्या ताडून पाहाव्या लागत. नवख्या अधिकाऱ्याला वाटते की, सही नमुन्याशी तंतोतंत जुळली म्हणजे खरी. प्रत्यक्षात कोणताही माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करीत नाही. कधी वेलांटी लांबते, कधी शेवटचा फराटा आखूड राहतो. दोन सह्या एकमेकींवर ठेवून अगदी बरोबर बसल्या, तर काचेखाली दिवा लावून उतरवून काढल्याचा संशय घ्यावा, असे आम्हाला शिकवले होते. खऱ्या सहीत हात वाहता असतो, नकलेत हात जपून चालतो. केशरेषेलाही हाच न्याय लागू आहे. पट्टी लावून आखलेली, दोन्ही बाजूंना समान, एकाच गडद रंगाची रेषा ही नकली सही आहे.

म्हणून प्रत्यक्षात रेषा अशी नसतेच. असतो तो एक पट्टा. सर्वांत पुढे विरळ, फिके, कमी-अधिक अंतरावर पडलेले थोडे ठिपके. त्यामागे बोटभर अंतरात ते हळूहळू दाट होत जातात. कडेला मध्येच एखादी लहानशी खाच, मध्येच दोन-तीन ठिपके पुढे निसटलेले. लांबून पाहिले तर रेषा जाणवते, जवळ जाऊन बोट ठेवू गेले तर ती सापडत नाही. रंगाचेही तसेच. आपले केस काळे म्हणून काळाकुट्ट रंग भरायचा नसतो. त्वचेखाली अर्धवट दडलेला खुंट करड्या छटेचा दिसतो, म्हणून त्याच्याशी जुळणाऱ्या दोन-तीन पातळ छटा वापरतात. ज्यांच्या कानशिलावर पांढरे केस आले आहेत, त्यांनी तर रंग अधिकच फिका ठेवावा.

ताईंनी अखेर ठरवलेली रेषा पुतण्याला हवी होती त्याहून दीड बोट वर होती. त्याचा चेहरा पडला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आज तुम्ही एकोणतीसचे आहात. ही रेषा एकोणपन्नासाव्या वर्षीही तुमचीच वाटली पाहिजे. रेषा पुढे आणणे आपल्या हातात नेहमीच राहील, मागे नेणे फार कठीण." पेन्सिलीची ती रेषा तशीच ठेवून त्याला बाहेर उन्हात उभे केले, बाजूने व मागून छायाचित्रे काढली आणि निर्णयासाठी आठवड्याची मुदत दिली. गिऱ्हाइकाला सही करण्याची घाई न करणारा माणूस भेटला की माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

काम तीन बैठकांत झाले, मध्ये दहा-दहा दिवसांचे अंतर ठेवून. पहिल्या बैठकीत मुद्दामच कमी ठिपके भरतात, कारण कोणाची त्वचा रंग किती धरते हे आधी कळत नाही. सुरुवातीचे काही दिवस ठिपके अपेक्षेपेक्षा गडद व मोठे दिसतात, खपल्या पडल्यावर ते लहान व फिके होतात. घाबरून जाऊ नये. पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही, घाम व ऊनही टाळावे लागते. पूजेसाठी डोक्यावरून स्नान करणाऱ्यांनी याचा विचार करावा. आम्ही पर्युषणाचा काळ टाळूनच तारखा घेतल्या. लग्न महिन्यावर आले असताना धावतपळत हे काम करू नये.

थोरल्या वहिनींनी एक प्रश्न विचारला, जो त्या क्षेत्रातील लोकांना क्वचितच विचारला जात असेल : "शाईत काय असते?" गोंदणाच्या काही शाईंत हाडांच्या कोळशापासून केलेला काळा रंग असतो, काहींत प्राणिजन्य ग्लिसरीन, जिलेटिन किंवा लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक असते. वनस्पतिजन्य घटकांच्या शाईही मिळतात. आम्ही बाटलीवरील घटकांची यादी व उत्पादकाचे लेखी पत्र मागितले. ते मिळेपर्यंत आठ दिवस थांबलो. आपल्या कुटुंबांनी हा आग्रह जरूर धरावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

सुया नव्या व सीलबंद आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, कारण दूषित सुईतून कावीळ-बी, कावीळ-सी आणि एचआयव्ही यांचा धोका असतो. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, सोरायसिस किंवा व्रण जाड होण्याची प्रवृत्ती असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. गोंदण केल्यावर एक वर्ष रक्तदान करता येत नाही. महावीर जयंतीच्या शिबिरात दरवर्षी रक्त देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून आपण होऊन सांगावे.

आता हिशेब. आमचा खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला. वैद्यकीय सेवेला असलेली जीएसटीची सूट अशा सौंदर्योपचाराला मिळत नाही, म्हणून सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. आरोग्य विम्यातही हा खर्च सामान्यतः बसत नाही. "बिनव्याजी हप्ते" हा शब्द ऐकला की प्रक्रिया शुल्काचा रकाना पाहावा. हा खर्च एकदाच करून संपत नाही. काही वर्षांनी ठिपके फिके होतात आणि पुन्हा भरावे लागतात, उन्हात काम करणाऱ्यांचे लवकर. टोमॅटोच्या बाजारात दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आडत्याने डोक्यावर टोपी ठेवलीच पाहिजे. शिवाय उरलेले केस दोन-तीन दिवसांआड वस्तऱ्याने किंवा मशिनने अगदी बारीक ठेवावे लागतात, नाहीतर मागचे खरे केस वाढतात आणि पुढचे ठिपके तेवढेच राहतात. नको वाटले तर लेझरने रंग काढता येतो, पण तेही अनेक बैठकांचे व खर्चाचे काम आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मालमत्ता आहे, पण घसारा असलेली.

या सर्वांहून कठीण प्रश्न घरात उभा राहिला तो काम पूर्ण झाल्यावर. नवीन छायाचित्र परिचयपत्रकावर लावले. मग मुलीकडच्यांना सांगायचे की नाही? वहिनींचे म्हणणे, "मुली केस रंगवतात, ते कोणी सांगतात का?" थोरले बंधू गादीवर बसलेले होते. ते म्हणाले, "आपल्या दुकानात डागी तागा वेगळा ठेवतो आणि डाग बोटाने दाखवून विकतो. गिऱ्हाईक घरी जाऊन डाग शोधत बसले, तर ते परत येत नाही. येथे तर जन्माचे गिऱ्हाईक आहे." कोणीच काही बोलले नाही. शेवटी पुतण्याच म्हणाला, "काका, रेषा मी माझ्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून काढून घेतली आहे, कोणाच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठी नाही. मी सांगेन."

आपल्या धर्मात कपटाला 'माया' म्हटले आहे आणि कषायांत त्याची गणना केली आहे. शरीरावर रंगाचे ठिपके असणे ही माया नव्हे, ते लपवून व्यवहार करणे ही माया होय, असे मला त्या दिवशी स्पष्ट झाले.

मंचरच्या एका कुटुंबाशी पहिली भेट झाली. पुतण्याने चहाच्या आधीच सांगून टाकले. मंडळी सभ्य होती, बोलली काही नाही. आठवड्याने नकार आला. वहिनी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पुतण्या मात्र नेहमीप्रमाणे दुकानात गेला, आणि टोपी न घालता. दुसरी भेट तीन महिन्यांनी संगमनेरला झाली. त्याने पुन्हा सांगितले. मुलीने थोडे थांबून विचारले, "वस्तरा किती दिवसांनी फिरवावा लागतो?" तो म्हणाला, "दोन दिवसांआड." ती म्हणाली, "मग सकाळी आरशाजवळ गर्दी होणार." सगळे हसले. त्या हसण्यात पुतण्याही होता आणि या वेळी ते हसणे खरे होते. मागील वैशाखात त्यांचे लग्न झाले. लग्नाच्या छायाचित्रांत तो पहिल्या रांगेत आहे.

प्रत्येक टकल्या मुलाने हे करावे, असा माझा मुळीच आग्रह नाही. ज्याला आपले मोकळे डोके पसंत आहे त्याने ते ताठ मानेने मिरवावे, त्याच्यासारखा सुखी कोणी नाही. परंतु ज्याला करावयाचे आहे त्याच्या आईवडिलांनी त्याची थट्टा करू नये, त्याच्याबरोबर जावे, आणि एका गोष्टीवर ठाम राहावे. गेलेले सगळे परत मागू नये. वयाला त्याचा वाटा द्यावा, कपाळाला त्याची जागा द्यावी, घराण्याच्या वळणाला मान द्यावा आणि कोपऱ्यात थोडी उणीव राहू द्यावी. तेवढी उणीव राहिली तरच पाहणाऱ्याला ती रेषा खरी वाटते, आणि ज्याच्या कपाळावर ती आहे त्यालाही ती आपली वाटते.